कुरकुर ऐकणारी मंडळी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, यहोशवा २२:१०-३४, गलतीकरांस पत्र २:११-१४



यरुशलेमातील पहिल्या मंडळीचा इतिहास लिहिताना लूक काही झाकून ठेवीत नाही. विश्वासणाऱ्यांचे एकचित्त, त्यांची समाईक मालमत्ता, त्यांचा आनंद हे सर्व तो सांगतो. त्याच लेखणीने तो हेही सांगतो की, शिष्यांची संख्या वाढत असतानाच मंडळीत कुरकुर उठली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांची तक्रार अशी होती की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळते, आमच्यांना मिळत नाही. हा भेदभावाचा आरोप होता, आणि वाटणीचा कारभार प्रेषितांच्या देखरेखीखाली असल्यामुळे तो त्यांच्यापर्यंत पोहोचत होता.

आपल्या काळात असा आरोप उठला की काय होते ते आपण जाणतो. विधिमंडळात, वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवरील चर्चांत आणि दुर्दैवाने मंडळीच्या वार्षिक सभांतही 'वंशद्वेष्टा', 'जातीयवादी', 'आदिवासीविरोधी', 'देशद्रोही' हे शब्द सहजपणे तोंडातून निघतात. ज्याच्यावर शब्द पडला तो लगेच आपल्या अब्रूच्या रक्षणाला लागतो. मूळ प्रश्न, म्हणजे विधवेच्या ताटात अन्न पडले की नाही, तसाच राहून जातो. एका बाजूने खरी तक्रार ऐकायची नाही आणि दुसऱ्या बाजूने न पारखता ठपका ठेवायचा, अशी ही दोन पापे जोडीने चालतात. या दोहोंविषयी पवित्र शास्त्र काय शिकविते, याचा आज आपण विचार करू.

१. तक्रार ऐकण्याचे धैर्य

प्रेषितांनी काय केले ते नीट पाहा. "आम्ही प्रभूबरोबर राहिलेली माणसे, आमच्यावर असा संशय?" असे ते म्हणाले नाहीत. तक्रार करणाऱ्यांचा हेतू काय, त्यांना कोणी चिथावले, याची चौकशी त्यांनी केली नाही. मुद्दाम दुर्लक्ष केले की नकळत झाले, हा वादही त्यांनी घातला नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलाविले, आपल्या हातून सर्व कामे होणे शक्य नाही हे मोकळेपणे मान्य केले आणि सात माणसे निवडण्यास मंडळीला सांगितले. निवडलेल्यांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. शेवटचा तर जन्माने यहूदीही नव्हता. तो यहूदी मतानुसारी झालेला अंत्युखियाचा मनुष्य होता. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडेच मंडळीने वाटणीच्या किल्ल्या सोपविल्या, असे आपण म्हणू शकतो. याचा परिणामही लूकने लगेच नोंदविला आहे : देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या फार वाढली.

आता आपल्या देशातील एका ठिकाणाकडे वळू. नागपूरहून जबलपूरला रस्त्याने जाणाऱ्या वाचकांना वाटेत बरगी लागते. तेथील नर्मदेवरचे धरण त्या नदीवरील मोठ्या धरणांपैकी आधी पूर्ण झालेल्यांपैकी एक होय. १९९० च्या सुमारास ते पूर्ण झाले. जलाशयाला राणी अवंतीबाई सागर असे नाव दिले गेले. जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील गावे त्यात गेली आणि या गावांत गोंड आदिवासींची वस्ती मोठी होती. आधीच्या अंदाजात १०१ गावे धरली होती. प्रत्यक्षात १६२ गावांना झळ पोहोचली, अशी नोंद आहे. पुनर्वसनासाठी दिलेल्या काही जागाही पाण्याखाली गेल्या. उठविलेली कित्येक कुटुंबे जबलपूर शहरात मजुरीच्या शोधात आली. शहराला वीज व पाणी मिळाले. ज्यांची शेते बुडाली ते त्याच शहराच्या कडेला झोपड्यांत राहिले.

या लोकांनी प्रश्न केला आणि त्यांच्या बाजूने इतरांनीही केला की, बुडणारी माणसे बहुतकरून आदिवासी होती म्हणून तर मोजणीत एवढी ढिलाई झाली नाही ना? हा प्रश्न ऐकणाऱ्यास बोचतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात अनुसूचित जमातींचे प्रमाण ८.६ टक्के आहे; परंतु स्वातंत्र्यानंतर प्रकल्पांमुळे उठविल्या गेलेल्या लोकांत आदिवासींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या प्रश्नावर फार पुढे काम केलेल्या अभ्यासकांत वॉल्टर फर्नांडिस हे येशूसंघीय धर्मगुरू आहेत, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी ध्यानात ठेवावी.

बरगीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याच्या मनात गोंडांविषयी द्वेष होता, असे म्हणण्यास माझ्याजवळ आधार नाही, आणि आधाराशिवाय मी ते म्हणणार नाही. परंतु यरुशलेमात अन्न वाढणाऱ्यांच्या मनात तरी ग्रीक विधवांविषयी द्वेष होता, असे लूक कोठे म्हणतो? तरीही विधवा उपाशी होत्या. द्वेषाविना अन्याय होऊ शकतो. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, ज्याचे घर आपण पाहिलेले नाही, ज्याचा नातलग आपल्या कचेरीत नाही, त्याची मोजणी चुकते आणि ती चुकली हे आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून "माझ्या मनात तसे काही नव्हते" हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नसते. बरगीच्या विस्थापितांनी संघटित होऊन आपली मागणी लावून धरली, तेव्हा १९९४ च्या सुमारास जलाशयातील मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संस्थांना काही वर्षे मिळाला. 'विकासविरोधी' हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला जातो त्या माणसांनी मागितले काय, तर आपल्याच बुडालेल्या शेतांवरील पाण्यात जाळे टाकण्याचा हक्क! पुढे २००९ मध्ये याच जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे अणुवीज केंद्राचा प्रस्ताव आला, आणि एकदा उठलेल्या कुटुंबांपुढे पुन्हा उठण्याची भीती उभी राहिली. पहिली कुरकुर ऐकली गेली नाही की दुसरी अधिक कडू होते.

२. ठपका ठेवण्याची घाई

आता दुसरी बाजू. तक्रार ऐकावी असे सांगणारे शास्त्र तक्रार तपासावी असेही सांगते. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा न्यायालयापुरती नाही. निर्गमाच्या २३ व्या अध्यायात खोटी अफवा उठवू नये, बहुजन दुष्कर्म करीत असतील तर त्यांच्यामागे जाऊ नये, असे सांगून लगेच गरिबाच्या वादातही पक्षपात करू नये असे बजाविले आहे. लेवीय १९:१५ मध्ये न्याय करताना गरिबाची भीड धरू नये आणि थोराचेही तोंड पाहू नये, हे दोन्ही एकाच वचनात आहे. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात दोघा-तिघा साक्षीदारांची अट आहे, आणि जो खोटा आरोप करील त्याला त्याच आरोपाची शिक्षा सांगितली आहे. डोंगरावरील प्रवचनात तर प्रभू येशूने भावाला उद्देशून तुच्छतेचा शब्द उच्चारणे हे मनुष्यवधाच्या आज्ञेखाली आणून ठेविले.

जबलपूर शहर या बाबतीत आपल्याला इतिहासाचा एक धडा देते. ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेला विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी येथूनच आपले काम चालवीत असे. १८३६ च्या कायद्याने असे ठरले की, एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की त्यास जन्मभर सक्तमजुरी द्यावी. त्याने अमुक एक गुन्हा केला हे दाखविण्याची आवश्यकता नाही. पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदारांचा. ठगांनी वाटसरूंचे खून केले हे खरे. पण नाव लागले की गुन्हा सिद्ध, ही रीत एकदा रुजली ती तेथेच थांबली नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि संपूर्ण जमातीच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. आपल्या महाराष्ट्रातील पारधी बांधवांनी तो भोगला. मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी सरकारच्या वतीने अशा जमातींच्या वसाहती चालविल्या, हेही आपल्या मंडळीच्या इतिहासात लिहिलेले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. शिक्का मात्र गावोगावच्या मनांतून अजून गेलेला नाही; चोरी झाली की पोलिसांची पावले अजूनही प्रथम पारध्यांच्या पालाकडे वळतात.

वंशद्वेष म्हणजे दुसरे काय? मनुष्याने काय केले हे न पाहता तो कोण आहे यावरून निकाल देणे. मग ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याला पुराव्याशिवाय 'वंशद्वेष्टा' म्हणून मोकळे होणे, यात आपण तीच रीत उलट्या दिशेने वापरतो. त्याने काय केले, काय म्हटले, हे न पाहता त्याच्यावर नाव चिकटविले की त्याचे ऐकण्याची गरज उरत नाही. प्रभूच्या विरोधकांनी हेच केले. योहानाच्या ८ व्या अध्यायात, युक्तिवाद संपल्यावर ते त्याला शोमरोनी आणि भूतग्रस्त म्हणाले. येशूने भूत लागल्याचा आरोप नाकारला. शोमरोनी म्हटल्याबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही. शोमरोनी असणे त्याला अपमान वाटला नाही.

३. तक्रारीआड दडलेली तक्रार

गणनाच्या १२ व्या अध्यायात मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलू लागले. निमित्त होते मोशेच्या कूशी पत्नीचे, म्हणजे परक्या देशाच्या स्त्रीचे. पण दुसऱ्याच वचनात खरी गोष्ट बाहेर येते : परमेश्वर केवळ मोशेच्याच द्वारे बोलतो काय? भांडण अधिकाराचे होते. पुढे मात्र एका परदेशी स्त्रीचा वंश ओढला गेला. फिलिप्पै नगरातही असेच घडले. दासीच्या भविष्यकथनावरील कमाई बुडाली, तेव्हा तिच्या धन्यांनी पौल व सीला यांस अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले. तेथे पैशाचे नाव त्यांनी काढले नाही. हे लोक यहूदी आहेत, एवढे पुरेसे झाले.

आपल्या मंडळ्यांतील वादांचे परीक्षण केले तर किती ठिकाणी हे आढळेल! तंटा मिशनच्या जमिनीचा असतो, शाळेतील नेमणुकीचा असतो, पंच कमिटीच्या निवडणुकीचा असतो. हरणाऱ्या पक्षाकडून 'ते जातीयवादी आहेत' असा आरोप येतो आणि जिंकणाऱ्या पक्षाच्या बैठकीत पूर्वजांच्या जातींची खरोखरच मोजदाद झालेली असते. दोघेही उपासनेच्या दिवशी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. मिर्यामेला शिक्षा झाली, तेव्हा तिच्यासाठी रदबदली करणारा मोशेच होता, आणि ती बरी होऊन परत येईपर्यंत सारी छावणी सात दिवस थांबली, हे आपण विसरू नये.

४. डर्बनचा वाद

२००१ मध्ये ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली. जातिभेदाची चर्चा तेथे व्हावी, अशी भारतातील दलित संघटनांची मागणी होती आणि त्यांत ख्रिस्ती कार्यकर्तेही होते. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा विषय तेथे नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. परिषदेच्या अंतिम दस्तऐवजात जातीचा उल्लेख आला नाही.

त्या वादातील दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि निग्रोंचे दुःख त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. उलट, जातिव्यवस्थेवर सर्वांत कठोर घाव घालणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जात ही वंशाची विभागणी आहे हे मत अमान्य केले. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी २००१ मध्ये जात व वंश एक मानण्यास विरोध केला, तो शास्त्राच्या भूमिकेवरून होता. १९६५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी कराराच्या व्याख्येत वंश, वर्ण यांच्यासोबत 'जन्मकुळ' हा शब्द आहे, आणि तो भारताच्याच सूचनेवरून घातला गेला होता. २००२ मध्ये त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने या शब्दात जातिभेदाचाही समावेश होतो, असा खुलासा केला.

अशा प्रश्नावर दोन प्रामाणिक माणसांचे मतभेद होऊ शकतात. डर्बनला गाऱ्हाणे नेणाऱ्यांना देशाची बदनामी करणारे ठरविले गेले, हे अन्यायाचे होते. आपल्या घरातील विधवेचे दुःख बाहेर सांगणारा घराचा शत्रू नसतो. त्याचप्रमाणे, जात आणि वंश वेगळे आहेत असे म्हणणारा प्रत्येक जण जातीयवादी, हा निष्कर्षही खोटी साक्ष ठरला असता. मग त्यात आंबेडकरही सापडले असते! शब्दाच्या व्याख्येवरील वाद पंडितांनी घालावा. विहिरीवर पाणी मिळाले की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र व्याख्येची वाट पाहत थांबू शकत नाही.

५. आरोप कसा करावा?

खरा भेदभाव दिसला तर ख्रिस्ती मनुष्याने गप्प बसावे काय? मुळीच नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. याकोबाकडील माणसे येताच तो भिऊन वेगळा बसू लागला आणि बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने पेत्राला तोंडावर दोष दिला, सर्वांच्या देखत, कारण कृत्य सर्वांच्या देखत घडले होते. त्याने पेत्राचा स्वभाव रंगविला नाही. तू अमुक प्रकारचा मनुष्य आहेस असे म्हटले नाही. काल कोठे जेवलास आणि आज कोठे बसलास, एवढेच त्याने पुढे ठेविले, आणि ते सुवार्तेच्या सत्याशी जुळत नाही हे दाखविले. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा येतो. ज्या दोषारोपानंतर 'प्रिय बंधू' म्हणता येते, तो दोषारोप प्रीतीने केलेला असतो.

यहोशवाच्या २२ व्या अध्यायातील हकिकत याला पूरक आहे. यार्देनेच्या काठी रऊबेन, गाद व अर्धा मनश्शे या वंशांनी मोठी वेदी बांधली असे कानी येताच इस्राएल लोक लढाईस जमले. पण तरवार उपसण्यापूर्वी त्यांनी फीनहास याजकाला व दहा सरदारांना पाठविले. त्यांनी आरोप स्पष्ट सांगितला. मृदू केला नाही. त्यासोबत, तुमची भूमी अशुद्ध वाटत असेल तर अलीकडे या, आमच्यात वतन घ्या, असे आपल्या हिश्शातून देऊ केले. मग त्यांनी उत्तर ऐकले. ते उत्तर विलक्षण होते : पुढे तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की यार्देन ही सीमा आहे, परमेश्वराशी तुमचा संबंध नाही, या भीतीने आम्ही साक्षीसाठी ही वेदी बांधली. ज्यांच्यावर बंडाचा आरोप होता ते स्वतःच वेगळे पाडले जाण्याच्या भयाने ग्रासलेले होते. फीनहास ऐकून संतुष्ट झाला आणि लढाई टळली.

वाचकहो, यावरून काही नियम आपण आपल्या मनाशी बांधून घेऊ या. आरोप कानी आला तर प्रथम विधवेचे ताट पाहावे, आपली अब्रू नंतर. आरोप करावयाचा असेल तर कृत्य सांगावे, नाव चिकटवू नये. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याकडे मत्तयाच्या १८ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी स्वतः जावे. मात्र अन्याय उघडपणे व अधिकाराच्या बळावर होत असेल तर उघडपणे बोलण्यास भिऊ नये. नीतिसूत्रांचा १८ वा अध्याय सांगतो त्याप्रमाणे, पहिल्याचे म्हणणे खरे वाटले तरी दुसऱ्याला येऊन तपासू द्यावे. आणि अलीकडे येण्यासाठी आपल्या हिश्शातून काही देण्याची तयारी नसेल, तर निवाडा करावयास निघू नये.

हे आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी विशेष नम्रतेने ऐकावे. ज्या जबलपूर प्रांताविषयी मी लिहिले, तेथे इंग्रजांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि त्याआधी ती गोंड राजांची भूमी होती. तेथील गोंड राजा शंकरशाह व त्याचा पुत्र रघुनाथशाह यांस इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. एकावर एक राज्ये आली; प्रत्येकाने आपल्यापुरता न्याय मोजला. आपण कोठे अन्याय सोसणारे आहो, तर कोठे अन्याय करणाऱ्यांचे वारस. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधवांस अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या गेल्या, ही आपली तक्रार न्याय्य आहे आणि ती आपण करीत राहू. पण शासनाने आपली कुरकुर ऐकावी असे म्हणताना, आपल्या मंडळीतील शेवटच्या बाकावरची कुरकुर आपण ऐकतो काय? विवाह जुळविताना, पाळक निवडताना, दफनभूमीत जागा देताना कोणती मोजदाद होते, हे देव पाहतो.

यरुशलेमात सात माणसे पुढे आली आणि त्यांतील स्तेफन पहिला हुतात्मा झाला, फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. एका कुरकुरीतून हे घडले. पुढच्या वार्षिक सभेत कोणी उभा राहून अप्रिय तक्रार करील, तेव्हा त्याला बसविण्याची घाई करू नका. कदाचित तुमच्या मंडळीचा फिलिप्प त्या तक्रारीमागे उभा असेल.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू पित्या, आमचे कान उघड, म्हणजे आम्ही उपेक्षितांचे गाऱ्हाणे ऐकू, आमच्या ओठांवर पहारा ठेव, म्हणजे आम्ही कोणावर खोटा ठपका ठेवणार नाही. ज्यांची घरे पाण्याखाली गेली, ज्यांच्या कपाळी जन्मापासून शिक्का बसला, त्यांचा तू कैवारी हो. आम्हांस एकमेकांकडे जाण्याचे, विचारण्याचे व ऐकण्याचे धैर्य दे. ज्याने वेगळेपणाची आडभिंत आपल्या देहाने पाडली त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.